सिम्युलेटरवर गाडी आणि डोक्यावर टोपी: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या छोट्याशा लॅबमध्ये आम्ही लोकांना सिम्युलेटरवर, म्हणजे स्क्रीनवरच्या खोट्या रस्त्यावर, गाडी चालवायला बसवतो आणि तेव्हा त्यांच्या मेंदूत काय चाललंय ते मोजतो. ऐकून लोकांना दोनच गोष्टी वाटतात, एक तर हा व्हिडिओ गेम आहे, नाहीतर आपले विचार वाचणार. फोनवर, लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. क्रम असा काही नाही, जसं आठवलं तसं.

नेमकं करता काय तुम्ही?

एक गाडीची सीट, स्टिअरिंग, पेडल्स आणि समोर तीन मोठे स्क्रीन. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, डॅशबोर्डच्या जागी डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा. तुम्ही फक्त गाडी चालवायची. कधी रस्ता रिकामा असतो, कधी ट्रॅफिक, मधेच पुढचा कचकन ब्रेक मारतो, मधेच कानातल्या हेडफोनमध्ये आमच्यातलंच कोणीतरी तुमच्याशी गप्पा मारायला लागतं. आम्ही तीन गोष्टी एकाच घड्याळावर रेकॉर्ड करतो, गाडी कशी चालली, डोळे कुठे होते आणि मेंदूचे सिग्नल काय होते. मग बघायचं की तिन्हींचा मेळ बसतो का. बऱ्याचदा बसत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे, म्हणजे डोळे रस्त्यावर, गाडी लेनमध्ये, सगळं व्यवस्थित, आणि तरी समोर जे दिसलं ते डोक्यात पोचलेलंच नसतं.

ईईजी म्हणजे शॉक देतात का? विचार कळतात का?

नाही आणि नाही. ईईजी म्हणजे त्या टोपीने घेतलेली मेंदूच्या सिग्नलची नोंद. त्यात आत काहीच सोडत नाहीत, डोक्याच्या कातडीवर जो व्होल्टेज आपोआप येतो तो फक्त मोजायचा. तो इतका बारीक असतो की मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, आणि असे साधारण काही दहा मायक्रोव्होल्ट. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून हे पहिल्यांदा रेकॉर्ड केलं आणि छापलं १९२९ साली, म्हणजे तंत्र तसं जुनंच आहे.

विचारांचं म्हणाल तर वाशीच्या एपीएमसी मार्केटच्या भिंतीबाहेर उभं राहून आतला कल्ला ऐकायचा तसं हे आहे. गाड्या आल्या, लिलाव तापला, दुपारी सगळं सुस्तावलं एवढं कळतं, पण आत कोणी कोणाला कांदा काय भावाने दिला हे काही कळत नाही. लाखो पेशी एकदम काम करतात त्याची बेरीज आमच्यापर्यंत येते, तीही कवटीतून पसरून पसरून, त्यामुळे तुमच्या सासूबद्दलचे विचार सेफ आहेत, निश्चिंत या.

मग लक्ष मोजता कसं? लक्षाचा काही मीटर असतो का?

असा एक आकडा नसतो, आणि कोणी मोबाईलवर "तुमचं लक्ष ७३ टक्के" दाखवत असेल तर जरा सांभाळूनच. आम्ही बऱ्याच खुणा एकत्र बघतो.

एक म्हणजे लहरींची ताकद. सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा हलणाऱ्या लहरीला अल्फा म्हणतात, डोळे मिटून निवांत बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला ती मस्त वाढते, बघताना कामाला लागलं की खाली येते. ४ ते ८ ची थीटा, तिचं जरा विचित्र आहे, कारण डोकं खूप खपवलं तर कपाळाच्या मधल्या भागात थीटा वाढते आणि झोप यायला लागली तरी थीटा वाढते. म्हणून नुसता थीटाचा ग्राफ बघून हा माणूस मेहनत करतोय का पेंगतोय हे सांगता येत नाही, ती कुठे वाढली, सोबत अल्फाचं काय झालं, पापण्या किती वेळ मिटल्या, स्टिअरिंग कसं हललं हे सगळं बघावं लागतं.

दुसरी खूण म्हणजे पी३००. अचानक काहीतरी कामाचं दिसलं किंवा ऐकू आलं, जसं पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट, की साधारण ३०० मिलिसेकंद किंवा थोडं नंतर मेंदूच्या सिग्नलमध्ये एक उंचवटा येतो. उंचवटा मोठा म्हणजे ती गोष्ट नीट नोंदवली गेली, बारीक झाला म्हणजे डोक्यातली जागा दुसऱ्याच कामाने अडवली होती. एका वेळचा उंचवटा बाकीच्या गोंधळात दिसत नाही, म्हणून तीच घटना पुन्हापुन्हा दाखवून सरासरी काढतात. पुढचा सारखा सारखा ब्रेक का मारतो म्हणून लोक वैतागतात, त्याचं कारण हे.

आणि तिसरी एकदम साधी, टोपीबिपी काही नको. खांद्यावर छोटा व्हायब्रेटर चिकटवायचा, बोटाला बटण बांधायचं, दर ३ ते ५ सेकंदांनी व्हायब्रेट झालं की बटण दाबायचं. याचं आयएसओचं, म्हणजे जगभरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, स्टँडर्डसुद्धा आहे, १७४८८ नंबरचं. डोक्यावर भार वाढला की बटण उशिरा दाबलं जातं किंवा राहूनच जातं. मला विचाराल तर महागड्या मशीनच्या आधी हे करावं, गरीब टेस्ट आहे पण खोटं बोलत नाही.

मी ब्लूटूथवरच बोलतो, हात स्टिअरिंगवर असतात, मग काय प्रॉब्लेम?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक रोज ठाणे-बेलापूर रोडवरून ऑफिसला जाणारे. कायदा हातात धरलेल्या फोनबद्दल बोलतो म्हणून लोकांची समजूत झालीये की हात मोकळे म्हणजे सगळं मोकळं.

अमेरिकेत युटा युनिव्हर्सिटीत डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या टीमने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. २००१ साली त्यांनी दाखवलं की सिम्युलेटेड ड्रायव्हिंग करताना फोनवर गप्पा मारणाऱ्यांचे सिग्नल चुकायचं प्रमाण दुप्पट झालं आणि प्रतिसाद मंदावला, आणि फोन हातात होता का हँड्सफ्री याने काही फरकच पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांना मात्र तसा त्रास दिसला नाही. पुढे त्यांनी डोळ्यांचा ट्रॅकर लावला, रस्त्याकडेचे बोर्ड लोकांनी सरळ बघितले होते, नजर त्यांच्यावर टेकली होती हे रेकॉर्डमध्ये दिसतंय, तरी नंतर विचारलं तर फोनवाल्यांना ते बोर्ड बघितल्याचं फारसं आठवेना. आणि मग ईईजी लावलं तर ब्रेक लाइटला येणारा पी३०० फोनवर बोलताना जवळपास निम्म्यावर आलेला. म्हणजे डोळ्यांनी आपलं काम केलं होतं, आतमध्ये घेणारं कोणी नव्हतं.

कार्नेगी मेलनमध्ये मार्सेल जस्ट यांच्या टीमने २००८ साली अजून पुढची गंमत केली, एमआरआय मशीनमध्ये झोपवून लोकांना सिम्युलेटरची गाडी चालवायला दिली आणि कानात वाक्यं ऐकवली, ती खरी का खोटी एवढंच ठरवायचं, बोलायचंसुद्धा नाही. तर पराइटल लोब, म्हणजे डोक्याच्या वर मागच्या बाजूचा भाग जो जागा आणि अंतर सांभाळतो, तिथलं ड्रायव्हिंगशी संबंधित काम ३७ टक्क्यांनी घटलं. नुसतं ऐकून.

आता ताशी ६० ने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. पाम बीच रोडवर ६० म्हणजे लोकांना हळूच वाटतं. बॉसचा फोन चालू असताना अर्धा सेकंद उशीर झाला की ८ मीटर गेलेच.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी पण बोलायचं नाही का? बायको म्हणाली विचार.

वहिनींना सांगा, चालतं. युटाच्या स्ट्रेयर यांच्या टीमनेच २००८ साली फोन आणि शेजारचा माणूस अशी तुलना केली. हायवेवरून जाऊन एका ठरलेल्या एक्झिटला बाहेर पडायचं होतं, फोनवर बोलणारे जवळपास निम्मे लोक एक्झिट सोडून पुढे निघून गेले, शेजारी मित्र बसलेले बहुतेक बरोबर बाहेर पडले. कारण शेजारच्यालाही रस्ता दिसतो, ट्रॅफिक वाढलं की तो आपोआप गप्प होतो, वर "अरे तो ट्रक बघ", "पुढून डावीकडे" असंही सांगतो. फोनवरच्याला तुम्ही माजिवड्याच्या चौकात अडकलाय का घरी सोफ्यावर बसलाय ते कुठे माहितीय, तो बोलतच राहतो.

मागच्या सीटवर भांडणारी दोन पोरं असतील तर काय, हा खरा प्रश्न, त्याला हा नियम लावू नका.

एक्सप्रेसवेवर किंवा समृद्धीवर डोळे उघडे असून झोप लागल्यासारखं होतं ते काय असतं?

त्यालाच पेपरवाले महामार्ग संमोहन म्हणतात. सरळ रस्ता, एकसारखा आवाज, स्टिअरिंगला काही काम नाही, ना रिक्षा ना कुत्रा ना खड्डा, मेंदूला काही खाद्यच मिळत नाही. सिम्युलेटरवर हे घडवून आणणं सगळ्यात सोपं, जेवणानंतर माणूस बसवायचा, लाइट कमी करायचे, सरळ रस्ता लावायचा, बास. थोड्या वेळात अल्फाचे झुपके यायला लागतात, डोळे उघडे असतानाच, मग पापण्या जड होतात. डोळे ८० टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेले असा वेळ एकूण वेळाच्या किती टक्के, याला पर्क्लोस म्हणतात, तोही वाढतो, गाडी लेनमध्ये डावीउजवीकडे डुलायला लागते. मग येते मायक्रोस्लीप, काही सेकंदांची झोप, आणि तुम्हाला नंतर विचारलं तर तुम्ही शपथेवर सांगता की मी जागाच होतो. समृद्धीवर गाड्यांना ताशी १२० ची परवानगी आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, तीन सेकंदांचं गणित तुम्हीच करा.

आणि झोप कधी येते हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं, पहाटे २ ते ६ आणि दुपारी २ ते ४. रात्री जेवून ठाण्याहून निघू, सकाळी गावाला, रस्ता रिकामा मिळतो, हा आपला लाडका प्लॅन शरीराच्या घड्याळाच्या बरोब्बर उलटा आहे. १९९७ साली डॉसन आणि रीड या दोघांनी मोजलं होतं, सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा होतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. सकाळी ६ ला उठून ऑफिस करून रात्री ११ ला कोकणात निघणारा माणूस थेंबही न घेता त्याच्या पुढे गेलेला असतो, आणि त्याला अडवून फुंकायला लावणारं मशीन नाही.

काच खाली करून गाणी मोठ्याने लावली की झोप जाते ना?

थोडा वेळ जाते. इंग्लंडमध्ये लफबरो युनिव्हर्सिटीत रेनर आणि हॉर्न यांनी सिम्युलेटरवर थंड हवा आणि रेडिओ दोन्ही तपासलं, फायदा थोडाच आणि थोडाच वेळ टिकणारा. त्यांच्याच प्रयोगांत कामाला आलं ते कॉफी आणि १५ मिनिटांची डुलकी, दोन्ही एकत्र. आधी कॉफी प्यायची आणि लगेच डोळे मिटायचे, कारण कॅफिन चढायला वीसेक मिनिटं लागतात तोवर डुलकी होऊन जाते. गाडी अर्थात फूड मॉलला लावून, रस्त्याच्या कडेला शोल्डरवर नाही. कटिंग चहात कॅफिन कमी असतं, एका कटिंगवर विसंबू नका.

घोडबंदर रोडवर तर रोज ट्रॅफिक, तिथे कसली तंद्री?

तिथे वेगळी. कासारवडवली ते कापूरबावडी रोज तोच रस्ता, तेच सिग्नल, घरी पोचल्यावर आठवतच नाही मधला मानपाडा कधी गेला. अमेरिकेत जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत २०१७ साली छापलेल्या एका अभ्यासात लोकांना रोज घर ते ऑफिस आणि परत असा एकच कंटाळवाणा रस्ता सिम्युलेटरवर पाच दिवस चालवायला दिला आणि मधेमधे विचारलं की आत्ता लक्ष कुठे होतं, तर सुमारे ७० टक्के वेळा लोक म्हणाले दुसरीकडेच. आणि त्या वेळी अल्फा वाढलेली आणि बाहेरच्या आवाजाला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद घटलेला. दुसरीकडे म्हणजे कुठे, तर ईएमआय, पोरांची ॲडमिशन, ऑफिसमधलं भांडण, तुमचं तुम्हाला माहीत.

मन भटकणं पूर्ण बंद करता येत नाही आणि मला वाटतं करायचा हट्टही नको, ओळखीच्या रस्त्यावर मेंदू काम ऑटोवर टाकतोच. प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा मेट्रोच्या कामासाठी रातोरात डायव्हर्जन बदलतं आणि ऑटोवर चाललेल्या डोक्याला ते कळायला वेळ लागतो.

खोट्या गाडीवरचं खरं कसं मानायचं? तिथे मरायची भीतीच नाही.

बरोबर आहे तुमचं. सिम्युलेटरवर लोक जास्त स्पीडने चालवतात, एखाद्याने ९० ने चालवली म्हणून रस्त्यावरही ९० नेच चालवेल असं धरत नाहीत. पण तुलना टिकते, म्हणजे फोनशिवाय आणि फोनसकट यातला फरक ज्या दिशेला सिम्युलेटरवर दिसतो त्याच दिशेला रस्त्यावरही बऱ्याचदा दिसतो. आणि झोपलेल्या माणसाला मुद्दाम खऱ्या एक्सप्रेसवेवर सोडायची परवानगी कोण देणार? पवईला आयआयटी बॉम्बेतही फोन आणि अपुऱ्या झोपेवरचे अभ्यास सिम्युलेटरवरच झालेत.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रस्ते उजव्या बाजूने चालणारे, सगळे लेनमध्ये, कोणी हॉर्न वाजवत नाही, राँग साइडने दूधवाला येत नाही. असल्या रस्त्यावर ठाणेकराचं लक्ष मोजलं तर ते नेमकं कशाचं लक्ष? म्हणून रस्ते डावीकडून करून घ्यावे लागतात, कट मारणाऱ्या रिक्षा आणि अचानक उतरणारे पॅसेंजर घालावे लागतात, आणि आमचा निम्मा वेळ त्यातच जातो.

एमआरआयच का नाही वापरत सरळ?

महाग, आडवं झोपावं लागतं, हलायचं नाही, लोखंड आत न्यायचं नाही, म्हणजे स्टिअरिंगचे वांधे. शिवाय एमआरआय रक्तातला बदल बघतं, तो ५-६ सेकंद मागे असतो आणि ब्रेक मारणं एका सेकंदात संपतं. मधला पर्याय एफनिअर्स, कपाळावरून इन्फ्रारेड प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन बघतात, बसून करता येतं आणि हलणंही चालतं. पण तोही तेवढाच मंद, आणि आपल्या काळ्या दाट केसांतून प्रकाश नीट जात नाही म्हणून कपाळावरच जास्त जमतं.

यायच्या आधी काय करायचं?

केसांना तेल नको! हे बोर्डावर लिहून लावलंय तरी रविवारी चंपी करून सोमवारी हजर. तेलामुळे इलेक्ट्रोडचा कातडीशी संपर्क होत नाही, मग अर्धा तास घासत बसावं लागतं. आदल्या रात्री शाम्पू, कंडिशनर नको, जेल नको, केस वाळवून या. गजरा, मोठे कानातले, क्लिप काढून ठेवावे लागतात, कारण कानामागेही एक इलेक्ट्रोड लागतो. प्रयोग झाल्यावर केसांत जेल राहतं, धुवायची सोय आहे, टॉवेल आपला आणा.

पावसाळ्यात लोक पळत पळत ऐरोली स्टेशनवरून घामाघूम येतात आणि घामाने सिग्नल हळूहळू वरखाली तरंगतो, म्हणून आधी एसीत बसवतो, तो पाहुणचार नाही. दात आवळणं, च्युइंगम, सारखी मान वळवणं याने स्नायूंचे सिग्नल येतात, नुसती पापणी लवली तरी तो मेंदूच्या सिग्नलपेक्षा मोठा दिसतो. लवू द्या, ते नंतर कॉम्प्युटरवर काढता येतं, न लवायचा प्रयत्न केलात तर सगळं लक्ष पापण्यांवरच जाईल.

नेहमी चहा पीत असाल तर नेहमीइतका पिऊन या, जास्त नको, बंदही नको. आणि मामलेदारची तिखट मिसळ हाणून थेट सीटवर बसू नका, कारण पुढचा प्रश्न.

उलटी होते म्हणतात, खरं का?

काहींना मळमळतं, हो. डोळे सांगतात गाडी वळतेय, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण जागेवरच आहोत, आणि मेंदूला ते पटत नाही. वळणं, चौक आणि जोरात ब्रेक इथे जास्त होतं, सरळ रस्त्यावर कमी. ज्यांना घाटात एसटीत त्रास होतो त्यांनी आधी सांगावं. जांभया, घाम, तोंडाला पाणी सुटणं यातलं काही सुरू झालं की हात वर करायचा, आम्ही बंद करतो, मर्दानगी दाखवायची गरज नाही. नंतर लगेच गाडी चालवत घरी जायचं नाही, थोडं बसायचं. बरं वाटत नसेल तर रिक्षा.

मला कार येत नाही, स्कूटी चालवते. चालेल?

आत्ता तरी नाही. दुचाकीचा सिम्युलेटर करणं फार अवघड, ती झुकते, तोल सांभाळावा लागतो, वर हेल्मेटखाली टोपी दाबली जाते. रस्त्यावर निम्म्याहून जास्त लोक दुचाकीवर दिसतात आणि अभ्यास मात्र बहुतेक कारचे, हे मला स्वतःला अजिबात पटत नाही.

पुढेमागे गाडीच मेंदू बघून ब्रेक मारेल का?

बर्लिनमध्ये २०११ साली सिम्युलेटरवर दाखवलं होतं की इमर्जन्सी ब्रेक मारायचा बेत ईईजीत पाय पेडलवर पडण्याआधी साधारण १३० मिलिसेकंद दिसतो, १०० च्या स्पीडला साडेतीन मीटरहून थोडं जास्त अंतर वाचतं. भारी आहे, पण त्यासाठी रोज जेल लावून टोपी घालायला कोण तयार होणार? गाड्यांमध्ये आलंय ते कॅमेरा आणि स्टिअरिंगवरून पेंग ओळखणं, आणि ते बरं आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या दोन-चार इलेक्ट्रोडच्या हेडबँडबद्दल विचाराल तर खेळायला ठीक, त्याच्या भरवशावर रात्री घाट उतरू नका.

माझा रेकॉर्ड ऑफिसला, इन्शुरन्सला किंवा आरटीओला देणार का?

नाही. नावाच्या जागी कोड असतो, संमतीपत्र मराठीत आहे, वाचून सही करा, मधेच उठून जायचं असेल तर कारण न देता जाता येतं. मेंदूत काही आजार आहे का हे आमच्या रेकॉर्डवरून आम्ही सांगत नाही, त्याला न्यूरॉलॉजिस्ट लागतो आणि त्यांचं ईईजी वेगळ्या पद्धतीने घेतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर मात्र आधीच सांगा, स्क्रीनवर लखलखणारे सीन असतात, तुम्हाला घेणार नाही. लायसन्सच्या टेस्टमध्ये याचे मार्क मिळतात का असंही एक काका विचारून गेले, नाही मिळत काका, प्रवासखर्च तेवढा मिळतो.